मदत हवी आहे : पिट्सफील्डचं वाहकोना पार्क कोणी पाहिलंय का?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पिट्सफील्ड नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या वाहकोना पार्क या नगरपालिकेच्या बेसबॉल मैदानावर लेख लिहायला घेतलाय आणि एका जागी अडकलोय.

या गावाचं बेसबॉलशी नातं फार जुनं. 1791 सालच्या तिथल्या एका नियमानुसार नव्या सभागृहापासून 80 यार्डांच्या आत चेंडूचे खेळ खेळायला बंदी होती. कारण? खिडक्यांच्या काचा! बंदीच्या यादीत बेसबॉलबरोबर चक्क क्रिकेटही आहे. (आमच्या चाळीतल्या जोशीकाकूंना हे कळलं असतं तर त्यांनी कागद फ्रेम करून लावला असता.)

आता अडचण. मैदानाचं तोंड पश्चिमेला आहे. संध्याकाळच्या सामन्यात मावळता सूर्य थेट बॅटरच्या डोळ्यांवर येतो, म्हणून पावसासाठी थांबवावा तसा खेळ उन्हासाठी थांबवतात. हे वाचून समजतं, पण लिहिताना डोळ्यांसमोर येत नाही. तेव्हा प्रेक्षक काय करतात? उठून खायला जातात की बसून राहतात?

तिथली लाकडी प्रेक्षक-गॅलरी 1950 ची. ती 2022 मध्ये धोकादायक म्हणून बंद केली. त्याआधी तिथे बसून सामना पाहिलेलं बॉस्टनकडचं कोणी इथे आहे का? स्वतः काढलेले फोटो असतील तर फारच उत्तम. आणि हो, ‘ग्रँडस्टँड’ला प्रेक्षक-गॅलरी म्हटलेलं खटकतं का, तेही सांगा.