मदत हवी आहे : लांब इंग्रजी शब्द फोडायचा कसा?

नमस्कार. तासगाव तालुक्यातील एका शाळेत मी सातवीला इंग्रजी शिकवते. लांब शब्द सिलेबलप्रमाणे, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांप्रमाणे फोडावा की उपसर्ग, मूळ शब्द आणि प्रत्यय असा, याबाबत मला अनुभवी शिक्षकांचे मार्गदर्शन हवे आहे.

'हेलिकॉप्टर' हा शब्द घ्या. उच्चारात त्याचे हे-लि-कॉप्-टर असे चार सिलेबल होतात. परंतु ज्या ग्रीक शब्दांपासून तो घडला, त्यांप्रमाणे पाहिल्यास 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टर' म्हणजे पंख असे दोनच भाग पडतात. मुले मात्र देवनागरीच्या सवयीने हे-लि-कॉ-प्ट-र अशी पाच अक्षरे मोजतात. ही त्यांची चूक म्हणणे मला पटत नाही, कारण आपल्या लिपीत जोडाक्षर पुढच्या स्वराला चिकटते आणि इंग्रजीत तोच व्यंजनांचा जोड दोन सिलेबलांत वाटला जातो.

'फोटोग्राफी'त तर आघात (उच्चारातला जोर) दुसऱ्या सिलेबलवर सरकतो आणि फ-टॉग-र-फी असे ऐकू येते, त्यामुळे 'फोटो' आणि 'ग्राफ' कानाला सापडतच नाहीत. उलट 'अनकम्फर्टेबल'चे स्पेलिंग अन, कम्फर्ट, एबल असे तोडले की मुलांच्या पटकन लक्षात राहते.

वाचनासाठी सिलेबल आणि स्पेलिंगसाठी शब्दाचे घटक, अशी विभागणी मला योग्य वाटते. आपण प्रथम काय शिकवता? आणि टाळी वाजवून सिलेबल मोजताना जोडाक्षराची अडचण आपण कशी सोडवता, हे कृपया उदाहरणासह सांगावे.