नुसते उडणारे चतुर मोजून भागणार नाही

पुण्याच्या पाषाण तलावावर दुर्मीळ चतुराचे (ड्रॅगनफ्लायचे) फोटो मिळाले म्हणजे तो तिथेच वाढलेला का, असा प्रश्न आहे. माझ्या मते नाही. चतुर लांबवर उडतो. एक जात तर थेट समुद्र ओलांडते. तो त्याच पाण्यात वाढल्याचा पुरावा हवा तर अळीची कात शोधा. अळी पाण्याबाहेर देठावर चढते, पाठ उकलते, चतुर निघून जातो आणि कात तिथेच चिकटून राहते, आतून पांढरे धागे लोंबत असतात. कातीच्या खालच्या ओठाच्या ठेवणीवरून चतुराची जातही बरीचशी ओळखता येते. सकाळी लवकर जा, पुण्यातली एक जोराची सर आली की सगळं धुऊन जातं! काठचं गवत मात्र तुडवू नका.

ब्रिटनच्या दलदलीत पांढऱ्या तोंडाच्या चतुराचं सर्वेक्षण असंच कात मोजून करतात. त्याच्या अळ्या स्फॅग्नम शेवाळात वाढतात, आणि पाण्यात मासे असले तर सहसा टिकत नाहीत. आपल्याकडे तशी शेवाळी दलदल नाही, पण माशांचा मुद्दा लागू आहे. तेव्हा वनस्पती, पाण्याची खोली यांच्यासोबत डास कमी करायला गप्पी मासे सोडलेत का, हेही नोंदवा. तो रकाना नोंदीच्या तक्त्यांत बहुधा नसतोच.