एमजीबीत इनोव्हाचं इंजिन टाकावं का?

वाळूजकर
मामांची 1967 ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, माझ्याकडं आलीय. चार वर्षं ताडपत्रीखाली होती, इंजिन जाम. उघडलं तर बोअर आधीच 60 साइजवर गेलेला, म्हणजे सिलिंडरची भोकं मूळ मापापेक्षा 60 हजारांश इंच मोठी केलेली, वर चौथ्या सिलिंडरला ओरखडे. मिस्त्री म्हणतो, पेट्रोल इनोव्हाचं दोन लिटरचं इंजिन गिअरबॉक्ससकट टाकू. 95 च्या जागी 136 घोडे. मला पटलंय. कंपनीनंच 1973 ला याच गाडीत रोव्हरचा साडेतीन लिटरचा व्ही8 टाकला होता. आपली कंटेसा घ्या. आधी ॲम्बॅसडरचं 1489 सीसीचं इंजिन, गाडी उचलायचीच नाही. इसुझूचं 1.8 आलं तेव्हा कुठं जीव आला.

गोदाकाठ
रोव्हरचा व्ही8 ॲल्युमिनियमचा होता, वजनाला एमजीबीच्या बिडाच्या इंजिनाच्या आसपासच. म्हणून ते जमलं. तुमच्या मिस्त्रीनं इनोव्हाचं इंजिन काट्यावर ठेवलंय का?
आणि ब्रेक? पुढं डिस्क, मागं ड्रम, त्या सालच्या बहुतेक गाड्यांना पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. माझ्या मित्रानं जुन्या जीपला दणकट डिझेल इंजिन बसवलं, ब्रेक तेच ठेवले. मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना पॅडल खालपर्यंत गेलं. हँडब्रेक अन् पहिला गिअर, असं करत थांबलो. ड्रमातून धूर निघायलेला. तेव्हापासून मी कुणाला ‘टाका’ म्हणत नाही.

मोंढा नाका
आरसीवर इंजिन नंबर असतो, भौ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे, असं 2019 ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय. परवानगीशिवाय टाकलं अन् ॲक्सिडेंट झाला तर विमावाला पहिल्यांदा बॉनेटच उघडंल.
शिवाय गाडी 50 वर्षांच्या वरची. 2021 च्या नियमांनी विंटेज नोंदणी, ‘व्हीए’वाला नंबर मिळू शकतो, पण गाडी मूळ रूपात पाहिजे. ते कामून घालवायलाव?

म्हैसमाळ रिटर्न
तो नंबर घेतला की रोज फिरवता येत नाही, हे बी सांगा की! प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच. मग शेडमध्येच पूजा करायची का? ह्या गाडीचे दोन्ही एसयू कंपनीचे कार्बोरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावरच बसतात. मे महिन्यात बीड रोडला सिग्नलवर थांबा, पेट्रोल उकळतं. आम्ही ओलं फडकं टाकून उभं राहायचो, अन् येणारा-जाणारा फोटो काढायचा. कार्बोरेटर नसलेलं, फ्युएल इंजेक्शनचं इंजिन टाका, सुखात राहा.

गोदाकाठ
फडक्यापेक्षा एक पत्र्याची हीट शील्ड स्वस्त पडती.

वाळूजकर
ब्रेकचं मनावर घेतलं. पण बोअरचं काय? 60 च्या पुढं जागा नाही म्हणतो मिस्त्री.

बार्शी नाका
स्लीव्ह टाका की, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी. मी इंजिन लेथवरच काम करतो. चारी सिलिंडरला स्लीव्ह ठोकून स्टँडर्ड साइज करता येतं, ट्रॅक्टरची असली कामं आमच्याकडं रोजची. त्याआधी ब्लॉकला चीर नाही ना, ते तपासून घ्या. नंबरपट्टीवर 18 जीबी आहे का? मग क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, पाच बेअरिंगचा, आधीच्या तीनवाल्यापेक्षा दणकट. असला ब्लॉक भंगारात घालू नका.

वाळूजकर
18 जीबीच आहे. आताच टॉर्च लावून बघितलं, अर्धा तास नुसतं ग्रीस पुसत होतो. इनोव्हाच्या इंजिनाचा ॲडव्हान्स मात्र काल देऊन बसलोय.

म्हैसमाळ रिटर्न
परत नाही दिला तर मला सांगा, माझ्याकडं गिऱ्हाईक हाय.