जांभ्याचं घर, आठ माणसं, माडीवर कॉल तुटतात: मोठा राउटर घ्यावा की मेश?

सडेकर:
रत्नागिरीजवळ जुनं जांभ्याचं घर आहे, भिंती दीड फुटाच्या. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी एका ओळीत. माडीवर दोन खोल्या, मधला स्लॅब नंतर टाकलेला. फायबर २०० एमबीपीएसचं, कंपनीचा ओएनटी (फायबर जिथे येतं तो वायफायचा डबा) ओटीवर टीव्हीच्या मागे. माडीवर दोघं घरून काम करतात, दिवसभर व्हिडिओ कॉल. शिवाय एक ऑनलाइन क्लास, टीव्ही, दोन कॅमेरे. ओएनटीशेजारी १९० मिळतात, माजघरात ४०, माडीवर जेमतेम ५-६. दुकानदार सहा अँटेनांचा मोठा राउटर सुचवतोय. बजेट दहा हजार. तो घ्यावा की मेश, म्हणजे एकमेकांशी बिनतारी बोलणारे दोन-तीन वायफाय डबे?

तारजोड:
मोठा राउटर घेऊ नका. राउटरचा आवाज माडीपर्यंत पोचला तरी मोबाइलचं उत्तर परत यायला हवं ना? मोबाइलचा रेडिओ दुबळा, अँटेना एवढुशा. म्हणून काड्या दिसतात आणि तरी कॉलमध्ये तुमचा आवाज तुटतो. त्यात जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि ओल्या भिंतीत वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल आणखी अडतो. उन्हाळ्यात जुळवलेलं जुलैत ढासळतं ते यामुळे.

पैसे आधी केबलवर घाला. ओएनटीपासून एक केबल माडीवर, एक स्वयंपाकघराच्या दारापाशी. कॅट ६, आतली तार पूर्ण तांब्याची. बाजारात सीसीए म्हणून स्वस्त मिळते ती अॅल्युमिनियमची, वर तांब्याचा मुलामा. ती क्रिम्प करताना, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना तुटते. दोन्ही टोकांना वायफाय ६ चे साधे एएक्स १५०० राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (केबलनं आलेलं नेट फक्त वायफायनं पसरवायचं) लावा. २०० च्या प्लॅनला ते भरपूर झाले.

सेटिंग असं: राउटरच्या अॅडमिन पानावर ऑपरेशन मोड बदलून अॅक्सेस पॉइंट निवडा. तो पर्याय नसेल तर डीएचसीपी (मोबाइल-लॅपटॉपना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा पत्ता ओएनटीच्या पत्त्याच्या मालिकेतला पण वेगळा द्या (ओएनटी १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२) आणि केबल वॅनमध्ये (बाहेरचं नेट घेणारं पोर्ट) न लावता लॅन पोर्टात (घरातल्या उपकरणांचं) लावा. वॅनमध्ये लावली की घरात दोन वेगळी नेटवर्क होतात; वरचा लॅपटॉप आणि खालचा प्रिंटर एकमेकांना सापडत नाहीत.

नाव आणि पासवर्ड तिन्हीकडे एकच. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६, ११ असे वाटून द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ वर ओटीला ३६, माडीला १४९, रुंदी ८०. कोणत्या डब्याला चिकटायचं ते मोबाइल ठरवतो, म्हणून ओएनटीची ट्रान्समिट पॉवर मध्यमवर आणा. नाहीतर माडीवर गेलेला मोबाइल ओटीचा मरतुकडा सिग्नलच धरून बसतो.

शेवटी केबलवर लॅपटॉप लावून वेग बघा. ९४ च्या आसपास अडकला तर आठपैकी एखादी तार नीट बसलेली नाही, नाहीतर ओएनटीचं ते पोर्टच १०० चं आहे. काही ओएनटींवर चारांतलं एकच पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचं) असतं. तुमचं तसं असेल तर त्या पोर्टावर पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच लावा.

मधली आळी:
तारजोड यांचं बरोबर आहे, पण दीड फुटाच्या चिऱ्याला भोक पाडायला सगळे तयार होत नाहीत. मेश घेणार असाल तर एक गोष्ट पक्की धरा: दोन बँडच्या (२.४ आणि ५) मेशमध्ये मोबाइलशी आणि मागच्या डब्याशी बोलायला एकच ५ गिगाहर्ट्झ रेडिओ असतो. दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. दुसरा डबा नेट पोचत नाही तिथे ठेवण्यात अर्थ नाही, त्याला स्वतःलाच चांगला सिग्नल लागतो. तुमच्याकडे दारं एका ओळीत असतील तर तो माजघराच्या दारासमोर, तिसरा जिन्याच्या वरच्या टोकाला. लॅन पोर्ट गिगाबिट असलेलंच मेश घ्या, म्हणजे पुढे केबल टाकली तरी तेच डबे चालतील.

तरी दिवसभर कॉल असलेल्या माडीसाठी माझं मत केबललाच. जिन्याच्या कडेनं केसिंग पट्टीतून नेली तर भिंत फोडावी लागत नाही.

वीजवाट:
केबल घराच्या आतूनच न्या. बाहेरून कौलांखालून नेलेल्या तांब्याच्या केबलमध्ये जवळ पडलेल्या विजेचा दाब शिरतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. कोकणात हे गंभीरपणे घ्या. गोठ्यापर्यंत न्यायचं असेल तर फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे). विजेच्या वायरच्या पाइपातूनही ओढू नका.

लाइट गेल्यावर ओटीचा ओएनटी चालू आणि माडीचा डबा बंद, असं झालं तर कॉल तुटणारच; दोघांना बॅकअप हवा. इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. इकोवर बदल हळू होतो, ओएनटी रीस्टार्ट होतो आणि परत जोडायला दोन-तीन मिनिटं घेतो. मिनी यूपीएस घेणार असाल तर आधी अॅडॉप्टरवरचे आकडे वाचा. ओएनटी बहुधा १२ व्होल्टचा, पण काही राउटर ९ व्होल्टचे असतात. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर थोडे जास्त चालतात.

सडेकर:
केबलच टाकतो, जिन्याच्या कडेनं. कॅमेरे फक्त २.४ वर चालतात, ते नवीन डब्यांना जोडले जातील ना?

तारजोड:
जातील. २.४ ची सुरक्षा डब्ल्यूपीए २ वर (वायफाय पासवर्डची जुनी पद्धत; डब्ल्यूपीए ३ नवी) ठेवा. कित्येक जुने कॅमेरे डब्ल्यूपीए ३ ला जोडलेच जात नाहीत, काही तर दोन्हींच्या मिश्र मोडवरही अडतात. कॅमेरा जोडताना मोबाइलही २.४ वरच हवा, म्हणून तेवढा वेळ ५ बंद करा, कॅमेरा जोडला की परत चालू.