चर्चा: आरपीजीत (एखादं पात्र बनून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये) गोष्ट लेखकाने ठरवावी की खेळणाऱ्याने?

बोरिवली_स्लो:
मत आधीच सांगतो, मग हाणा. पाश्चात्त्य आरपीजीत ‘तुझं तू ठरव’ याचं नको तेवढं कौतुक होतं. नाक तू निवड, जात-जमात तू निवड, कुणाला मारायचं तेही तूच बघ. मग लेखकाने काय करायचं? जपानी फायनल फँटसी 7 मध्ये (1997) नायकाची सोबतीण एरिथ मरते, तेव्हा तिला वाचवायचा पर्याय दिला असता तर तो घाव इतका बसला असता का?

पर्सोना 5 घ्या, तोही जपानीच, शाळकरी पोराच्या रोजच्या दिवसांचा. शाळा सुटल्यावर एक काम, रात्री एक काम, संपला दिवस. अभ्यास करा, बीफ बोलच्या दुकानात राबा, नाहीतर कुणाला तरी भेटा. सकाळच्या गाडीत नशिबाने सीट मिळालीच तर पुस्तक वाचून होतं. विरार लोकलवाल्याला याची गंमत वेगळी सांगायला नको!

फासेबहाद्दर:
साफ असहमत. पाश्चात्त्य द विचर 3 मधला ब्लडी बॅरन हा सरदार आठवा (स्पॉयलर आहे, खेळला नसाल तर पुढे सरका). झाडात अडकलेल्या आत्म्याला सोडलं तर तिथली अनाथ पोरं वाचतात, पण बॅरनची बायको जाते आणि तो गळफास घेतो. आत्म्याला मारलं तर पोरं जातात, बायको भ्रमिष्ट होऊन का होईना, जगते. आणि हे कळतं कधी, तर निर्णय घेऊन तो विसरल्यावर. लेखक काय करतो विचारता ना? हे करतो.

तुमच्या पर्सोनात तीन उत्तरं दिसतात, बहुतेक वेळा मैत्रीचे गुण तेवढे कमी-जास्त. गाडी त्याच रुळावर.

डोंबिवली_लेडीज_डबा:
दोघेही जपानी की पाश्चात्त्य असा नकाशा घेऊन भांडताय. युजी होरी यांनी ड्रॅगन क्वेस्ट (1986) केला तो विझर्ड्री आणि अल्टिमा या अमेरिकन गेम्स खेळून. फॅमिकॉम या जुन्या गेम कन्सोलच्या कंट्रोलरला मोजकी बटणं, म्हणून सगळं साध्या मेन्यूत बसवलं. आज बघा, बाल्डर्स गेट 3 बेल्जियमचा आणि टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाल करायचा. डार्क सोल्स जपानचा, तिथे टर्नबिर्न काही नाही. 2025 चा एक्सपीडिशन 33 तर फ्रेंच, आणि चाल सगळी जपानी.

आवडनिवड ठरते ती वेळ कसा मिळतो त्यावर. ठाण्याला लोंढा आत घुसला की मी स्विच (हातात धरायचा गेम कन्सोल) पोटाशी धरते. राक्षस बिचारा माझ्या टर्नची वाट बघत उभा. कुणासाठी न थांबणाऱ्या एल्डन रिंगमध्ये हे करून दाखवा.

परळचा_पोपट:
स्विच काढण्याइतकी जागा? कुठली लोकल ही, ताई?

डोंबिवली_लेडीज_डबा:
डोंबिवलीहूनच सुटणारी. चौथी सीट. पुढचं विचारू नका.

बोरिवली_स्लो:
ताई, इतिहास मान्य, पण प्रश्न तसाच राहिला. फासेबहाद्दर, बाल्डर्स गेटमध्ये फाशावर 1 पडून बेत फसला की तुम्ही लोक गुपचूप जुनी सेव्ह लोड करता. मग कसली निवड आणि कसले परिणाम?

फासेबहाद्दर:
करतो लोड, लपवायचंय काय त्यात? दुसऱ्या वाटेला काय होतं ते बघायचं असतं. तुमच्याकडे दुसरी वाट असती तर तुम्हीही केलं असतं.