मदत हवी आहे: जाड सोलचे रनिंग शूज रोजच्या सरावाला चालतील का?

नमस्कार मंडळी,

मुक्काम सोलापूर, वय ४६, वजन ८४ किलो. आठवड्याला ३०-३५ किमी पळणं होतं. संभाजी तलावापासून निघतो आणि विजापूर रोडने पुढे जाऊन परत येतो. बराचसा रस्ता डांबरी, पण ट्रक आला की कडेच्या मुरमावर उतरावंच लागतं. साडेपाचच्या आत बाहेर पडलो तर ठीक, नाहीतर मार्चनंतर सातला असं ऊन लागतं की पळणं राहतं बाजूला, माणूस सावली शोधत बसतो. थंडीत हाफ मॅरेथॉन करायची आहे. वेळेचा हट्ट नाही, शेवटचे पाच किमी रडतखडत जायला नकोत, एवढंच.

आधीचे बूट साधे, १० मिमी ड्रॉपचे (म्हणजे पंज्यापेक्षा टाच १० मिमी उंच). गुडघे कुरकुरायला लागले म्हणून एका नामांकित कंपनीचे 'मॅक्स कुशन' घेतले. टाचेखाली जवळजवळ ४० मिमी फोम, ड्रॉप ५ मिमी. बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं, "हे पळायला आणलेत की उंची वाढवायला?"

गुडघे खरंच शांत झाले. पण सकाळी पलंगावरून उतरलं की टाचेमागची शीर ओढते, बाथरूमपर्यंत लंगडत जातो, मग मोकळं होतं. पोटऱ्याही आखडलेल्या असतात. आणि मुरमावर पाय पडला की घोटा डगमगतो.

रोज हेच घालू की फक्त लाँग रनला ठेवू? दुकानदार म्हणतो, "रोज घाला साहेब, त्यासाठीच आहेत." ओळखीतले एक जुने धावपटू म्हणतात, पायाला लाड नकोत, पातळ सोलच बरा. दोघांच्या मधे माझी शीर.

प्रतिसाद १
दादा, कुशनला शिव्या घालण्याआधी ड्रॉप बघा. १० वरून एकदम ५ मिमीवर आलात, म्हणजे पंज्याच्या मानाने टाच खाली गेली. प्रत्येक पावलाला पोटरी आणि शीर जास्त ताणली जाते. गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो, तो घोट्याकडे सरकतो. तुमचा आराम आणि तुमचं दुखणं बहुतेक एकाच कारणाने आलंय.
जुने बूट टाकून दिले नसतील तर बाहेर काढा. नवे आठवड्यातून दोनदा, तेही छोट्या सावकाश रनला. पायरीच्या कडेला पंजे टेकवून टाचा वर उचलायच्या आणि अगदी हळू खाली आणायच्या. घाई केली तर उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ वाढलेली वाटली तर किलोमीटर कमी करा. शिरेला सूज आली किंवा पळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं झालं, तर इथे विचारत बसू नका, थेट ऑर्थोकडे जा.

प्रतिसाद २
अभ्यास दोन्ही बाजूंनी सापडतात. फिनलंडमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात नेहमीचे आणि खूप जाड सोलचे बूट घालून धावपटूंना पळवलं. वेग वाढल्यावर जाड बुटांत जमिनीचा धक्का कमी व्हायच्या ऐवजी जास्तच भरला, कारण मऊ तळावर माणूस नकळत पाय ताठ ठेवतो. उलट लक्झेंबर्गमध्ये आठशेहून अधिक धावपटूंवर झालेल्या अभ्यासात कडक बूटवाल्यांना दुखापती जास्त झाल्या. गंमत म्हणजे मऊ बुटांचा फायदा दिसला तो हलक्या वजनाच्या लोकांत. आपल्यासारख्या वजनदारांत फारसा नाही (मी ८८). म्हणजे 'जाड माणसाला जाड सोल' हा दुकानातला हिशोब तितका पक्का नाही.
लक्झेंबर्गच्याच आणखी एका अभ्यासात दोन-तीन जोड्या आलटून पालटून वापरणाऱ्यांच्या दुखापती कमी निघाल्या. मला तरी हेच पटतं. रोज तेच बूट म्हणजे रोज त्याच जागी भार.
आणि वेगाच्या दिवशी हे रणगाडे घालू नका. इंटरव्हलला (थोडं जोरात, थोडं सावकाश असं आलटून पालटून पळायला) हलके बूटच बरे.

प्रतिसाद ३
मी होटगी रोडचा. ओ साहेब, डगमगण्याचं औषध म्हणजे मुरमावर उतरलात की वेग तोडा आणि पावलं छोटी टाका. ट्रकवाला काही आपल्यासाठी थांबत नाही.
दुसरं, बूट उलटा करून बघा. वजन वाचवायला बऱ्याच मॉडेलात रबर फक्त टाचेला आणि पंज्याला असतं, मधे उघडा फोम. त्यात बाभळीचा काटा शिरला की वरून नुसता काळा ठिपका दिसतो. जाड सोल असल्यामुळे लगेच टोचतही नाही. चिमट्याने काढा, बोटाने दाबलात तर आणखी आत जातो. खडीही तिथेच अडकते.
बूट गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, डिकीत त्याहून जास्त. फोमचं वाटोळं होतं, चिकटवलेलं सुटतं ते वेगळंच.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. ड्रॉपचं डोक्यातच आलं नव्हतं, मी फोम किती जाड तेवढंच बघत होतो. जुनी जोडी माळ्यावरून काढली, पण तिच्या टाचेची बाहेरची कड पार घासलीय आणि फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्यात. ती बाद समजायची का? नवी घ्यायची तर किती ड्रॉपची? शिवाय हाफच्या दिवशी जाड सोलवर कुणी आक्षेप घेईल का?

प्रतिसाद १
सुरकुत्यांवरून लगेच निकाल देऊ नका. जोडी टेबलावर ठेवून मागून बघा. बूट एका बाजूला कललेला दिसला, तर तो भाजी आणायला. बहुतेक जोड्या ५०० ते ८०० किमी निघतात, वजनदार माणसाची त्याआधीही संपते. दुसरी जोडी ८ मिमीची, मध्यम कुशनची घ्या, म्हणजे शिरेला एकदम उडी नाही. ती मंगळवार-गुरुवार, जाड सोलची रविवारी, शीर शांत झाल्यावर.
४० मिमीची मर्यादा जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये आणली, ती क्रमांकासाठी पळणाऱ्या अव्वल धावपटूंना डोळ्यासमोर ठेवून. हौशी लोकांचे बूट स्टार्टलाइनला पट्टी लावून कुणी मोजत नाही. फक्त जे घालून रविवारचे लाँग रन कराल, तेच त्या दिवशी घाला. मोजेसुद्धा तेच.