फिनिक्समधली इंटरसेप्टर फ्रीमाँटला आणायची आहे – कागदपत्रांचं काय?

बंड्या, फ्रीमाँट

नमस्कार मंडळी,

अॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये एक रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० हेरून ठेवली आहे. २०२१चं मॉडेल, ३,४०० मैल चाललेली, मालक ४,२०० डॉलर म्हणतोय. इथे कॅलिफोर्नियात, बे एरियात या भावात अशी गाडी दिसत नाही. घरून परवानगीही मिळाली आहे, म्हणजे हा योग पुन्हा कधी येईल सांगता येत नाही.

देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बुलेट नेताना एनओसी, फॉर्म २८, नव्याने रोड टॅक्स, चासी नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप हे सगळं भोगून झालंय. इथे काय काय लागतं? स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, करावी लागेल का? टॅक्स पडतो का? ऑफिसमधला एक जण म्हणतो, बिलावर ५०० डॉलर लिहून घे, कोण विचारतंय. विमानाने जाऊन गाडी चालवत परत यायचा बेत आहे.

– बंड्या

अण्णा, सनीव्हेल

बंड्या, पैसे अजून पाठवले नाहीस ना? मग आधी हे वाच.

टॅक्स, फॉर्म, प्लेट यांतून वाट निघते. एक गोष्ट मात्र अशी आहे की तिथे अडकलास तर गाडी कॅलिफोर्नियात तुझ्या नावावर होणारच नाही. खरेदीच्या वेळी ओडोमीटरवर ७,५००पेक्षा कमी मैल असतील, तर हे राज्य ती गाडी ‘नवी’ समजतं. आधीच्या मालकाने ती चार वर्षं वापरलेली असली तरी. आणि नवी गाडी कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण नियमांत बसणारी नसेल, तर इथल्या रहिवाशाला तिची नोंदणी मिळत नाही. तुझी आहे ३,४००ची.

तेव्हा मालकाला आजच फोन कर आणि एमिशन लेबलचा फोटो मागव. फ्रेमवर छोटं स्टिकर असतं. त्यावर ईपीए (केंद्र सरकारची पर्यावरण संस्था) याबरोबर ‘स्टेट ऑफ कॅलिफोर्निया’ असंही छापलेलं हवं. नुसतं ईपीए असेल तर ती बाकीच्या राज्यांसाठी बनवलेली गाडी, तिला लांबूनच नमस्कार कर. मालक तोंडी ‘हो हो, आहे’ म्हणेल, त्याला यातलं काही माहीत नसतं. फोटोच हवा. आणि आधी तिकडे चार हजार मैल फिरवून मग आणतो, असलं डोकं लढवू नकोस. आकडा खरेदीच्या दिवशीचा धरतात. वारसाहक्काने आलेली गाडी, घटस्फोटाच्या वाटणीत आलेली, सैन्यातल्या माणसाची, किंवा तू स्वतः दुसऱ्या राज्यात राहून आधीच तिथे नोंदवलेली, असे थोडे अपवाद आहेत. तू त्यांत बसत नाहीस.

हे मला कसं माहीत? काही वर्षांपूर्वी नेवाडातून अशीच एक घेऊन आलो होतो. २,१०० मैल, आरशासारखी चकचकीत. डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, खिडकीवरच्या बाईने लेबल पाहिलं, ओडोमीटर पाहिला आणि सगळे कागद माझ्याकडे परत सरकवले. आवाजसुद्धा चढवला नाही. ती गाडी तीन महिने गॅरेजमध्ये झाकून ठेवली आणि शेवटी नेवाडातच तोटा खाऊन विकली. चूक सर्वस्वी माझी. घरात अजूनही दिवाळीचा हिशेब निघाला की तिचा उल्लेख होतो.

आता बाकीचं. स्मॉग चेक मोटरसायकलला इथे नाही. यूज टॅक्स (राज्याबाहेरून विकत आणलेल्या वस्तूवरचा कर) मात्र आहे, तोही तू जिथे राहतोस तिथल्या दराने. राज्याचा किमान दर ७.२५ टक्के, आणि तुझ्या अलामेडा काउंटीत तो दहाच्या वर जातो. म्हणजे ४,२००वर चारशेपेक्षा जास्त धर. दुसऱ्या राज्यात टॅक्स भरला असेल तर तेवढा वळता करून मिळतो, पण अॅरिझोनात दोन खाजगी माणसांच्या व्यवहारावर विक्रीकरच नाही, त्यामुळे वळतं करायला काही उरत नाही. ५०० डॉलरचं बिल विसर. नोंदणीच्या अर्जावर किंमत लिहून तू शपथेवर सही करतोस. चारशे वाचवायला खोटी शपथ घ्यायची हे काही पटत नाही, आणि चार वर्षांची ६५० कुणी पाचशेला दिली यावर खिडकीवर कोण विश्वास ठेवणार?

गाडी राज्यात आणल्यावर २० दिवसांत नोंदणीला जा, नाहीतर दंड सुरू. आरईजी ३४३ हा अर्ज, आणि आरईजी ३१ म्हणजे गाडी प्रत्यक्ष पाहून नंबर पडताळल्याचा कागद. डीएमव्हीत गाडी नेलीस तर तिथलाच माणूस पडताळतो. नाहीतर घरी येऊन हे काम करणारे परवानाधारक लोक आहेत, ते पैसे घेतात. चासी नंबर हँडलखाली फ्रेमच्या डोक्यावर असतो. मोटरसायकलचा इंजिन नंबरही इथे लिहून घेतात, तेव्हा जाण्याआधी इंजिनचा तो भाग पुसून ठेव.

आणि चालवत यायचा बेत रद्द कर. अॅरिझोनात प्लेट जुन्या मालकाकडेच राहते. विनाप्लेटची गाडी, सातशे मैल, त्यात तिथला ऑगस्ट. भाड्याचा ट्रेलर घे.

तुझ्याकडे एम१, म्हणजे मोटरसायकलचं लायसन्स आहे ना? पुण्यात पंधरा वर्षं बुलेट चालवली हे इथे धरत नाहीत. आणि इथे हेल्मेट सक्तीचं आहे, पुणेकराला वेगळं सांगतो.

– अण्णा

माई, सॅन होजे

बंड्या, मी नोटरी आहे म्हणून एवढंच सांगते. अॅरिझोनाच्या टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते. मालकाने घरी बसून आधीच सही करून ठेवली असेल तर ती चालणार नाही, त्याला सांगून ठेव.

टायटलवर दोन नावं आहेत का ते बघ. मध्ये ‘ऑर’ असेल तर एकाची सही पुरते, ‘अँड’ असेल तर दोघांचीही हवी. कर्जाचा बोजा दिसला तर बँकेचं तो उतरवल्याचं पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. आणि टायटलवर खाडाखोड नको, व्हाइटनर तर अजिबात नको. चुकलं की नवीन टायटल काढेपर्यंत थांबावं लागतं. २०११ आणि त्यानंतरच्या गाड्यांना ओडोमीटरचा आकडा लिहून सही करावी लागते, तो रकाना मोकळा सोडू नका.

– माई

यादी व्यवस्थापक

याच धाग्यावर कुणीतरी ४० उकडीच्या मोदकांची ऑर्डर दिली आहे. कृपया ती गणेशोत्सवाच्या धाग्यावर द्यावी. मोटरसायकलचं चालू द्या, मीही वाचतोय.

बंड्या, फ्रीमाँट

अण्णा, माई, उशीर झाला, माफ करा. गाडी आली.

लेबलचा फोटो मागितला तर मालकाने आधी विम्याच्या कार्डाचा पाठवला, मग टायरचा. तिसऱ्या खेपेला बरोबर आला. ईपीए ‘अँड स्टेट ऑफ कॅलिफोर्निया’. ते ‘अँड’ बघून इतका आनंद कधी झाला नव्हता.

पण दुसरं ‘अँड’ टायटलवर निघालं. मालक आणि त्याची आधीची बायको, दोघांच्या नावाने. त्यांचं काडीमोड होऊन दोन वर्षं झाली, गाडी कागदावर अजून एकत्र कुटुंबात. बाई तुसॉनला राहतात. मी फिनिक्सला उतरलो, मालकाची सही नोटरीसमोर करून घेतली आणि मग आम्ही दोघे टायटल घेऊन त्याच्या ट्रकमधून तुसॉनला गेलो. जाताना दोन तास त्याने मला त्यांच्या लग्नाची सगळी हकीकत सांगितली. तिथे पोचल्यावर ती दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. बाईंनी नोटरीसमोर सही केली, मला ‘गुड लक’ म्हणाल्या, आणि त्याला काहीच नाही. माई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी एकाच सहीवर खूश होऊन परतलो असतो.

येताना कॅलिफोर्नियाच्या सीमेवर ब्लाइथच्या कृषी तपासणी नाक्यावर विचारलं, गाडीत फळं आहेत का? तिथल्या मित्राच्या आईने दिलेली सहा संत्री होती, ती गेली. मोटरसायकलकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

डीएमव्हीत पडताळणी करणाऱ्याला इंजिन नंबर सापडेना. अण्णा, मी पुसायला विसरलो होतो. गाडीतला टूथब्रश आणून तिथेच पार्किंगमध्ये घासला. टॅक्स पूर्ण भरला, ४,२००वर. प्लेट हातात मिळाली, टायटल टपालाने येईल.

एम१ नव्हतं. लेखी परीक्षा पास झालो, सध्या परमिट आहे. त्यावर फक्त दिवसाउजेडी चालवायची, फ्रीवेवर जायचं नाही, मागे कुणाला बसवायचं नाही. बायको हेल्मेट घेऊन तयार आहे आणि रोज विचारते, मग आणलीस कशाला?

– बंड्या